कानाडोळा नको, कानात डोळा हवा!

'कानाडोळा करणे' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनीच शाळेत 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात सोडवला आहे. अर्थ : दुर्लक्ष करणे. गंमत बघा, कान आणि डोळा हे दोन चांगले कामाचे अवयव, पण शेजारीशेजारी बसवले की अर्थ होतो 'न बघणे'! आणि आपण आपल्या कानाच्या बाबतीत नेमकं तेच करत असतो. दात दुखला तर आरशासमोर तोंड उघडून बघतो. डोळ्यात कचरा गेला तर रूममेटला पापणी उलटून बघायला सांगतो. पायात काटा मोडला तर ट्यूबलाइटखाली पाय धरून बसतो. कान दुखला की मात्र बघण्याची पायरीच गाळून थेट इलाज सुरू! कुणी तेल सुचवतो, कुणी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ड्रॉप्स आणतो, कुणी बाइकची किल्ली पुढे करतो.

मला जे मांडायचं आहे ते थोडक्यात असं. कानात काहीही घालण्याआधी कानात बघितलं पाहिजे. त्यासाठी ओटोस्कोप नावाचं एक साधं उपकरण असतं. ते उपकरण, आणि ते नीट हाताळता येणारा माणूस, आपल्या हॉस्टेलच्या सिक-रूममध्ये असलाच पाहिजे. आज सिक-रूममध्ये बी.पी. मोजायचं यंत्र आहे, वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, पट्ट्या, कापूस आणि तापाच्या गोळ्यांचा डबा आहे. कानात बघायला काहीही नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात तेव्हा मोबाइलचा टॉर्च मारतात आणि चिठ्ठी लिहून देतात. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, साधनच नसेल तर ते तरी काय करणार?

आमच्या विंगमध्ये कान कोरायला काय काय वापरलं जातं, याची एकदा मी चक्क यादी केली होती. बाइकची किल्ली, आगकाडी, संपलेली रिफिल, सेफ्टी पिन, जर्नलला लावायची यू-पिन, कंपासपेटीतलं कर्कटक, आणि एका सद्‌गृहस्थांकडे तर आजोबांचं चांदीचं कानकोरणं! कापूस लावलेल्या बड्स तर प्रत्येक कपाटात. (आता 'बड्स' म्हटलं की कापसाच्या की ब्लूटूथच्या, असं विचारावं लागतं. दोन्ही कानातच जातात आणि दोन्हींचा अतिरेक कानाला नडतो, हा भाग वेगळा.) ही यादी वाचून हसू येतं, पण यातली प्रत्येक वस्तू कुठे जाते आणि तिच्या टोकापासून पडदा किती अंतरावर आहे, हे एकदा समजून घेतलं तर हसू मावळेल.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ पाइपसारखी नसते, तिला इंग्रजी 'एस'सारखं हलकं वळण असतं. बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक. आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि त्या हाडावरची कातडी इतकी पातळ की नुसता स्पर्शही सहन होत नाही. नळीच्या शेवटी कानाचा पडदा. त्याचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर फीलर गेजच्या मधल्याच एका पातीएवढी! त्याच्यामागे शरीरातली सगळ्यात लहान तीन हाडं, आणि त्यांच्यामागे आतला कान. कान कोरताना कधीकधी मध्येच खोकला येतो, तो का? तर नळीच्या कातडीला व्हेगस या मोठ्या चेतातंतूची एक फांदी येते, आणि घसा व श्वसनमार्गाकडे जाणारा तंतूही तोच. शरीर खोकून सांगत असतं की बाबा रे, पुढे जाऊ नकोस. आपण खाकरून पुढे जातो!

बरं, कोरायची मुळात गरज किती? पडद्यावरची आणि नळीतली कातडी आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, साधारण आपल्या नखाच्या वाढीच्या वेगाने. तिच्याबरोबर मळही बाहेर येतो. म्हणजे निसर्गाने कानात एक कन्व्हेयर बेल्ट बसवून दिलेला आहे. मळ ही घाणही नव्हे. तो किंचित आम्लधर्मी आणि चिकट असतो, धूळ अडवतो, जंतूंना आणि बुरशीला आवरतो. आपण बड घालतो तेव्हा थोडा मळ कापसाला लागून बाहेर येतो, त्यामुळे काहीतरी साध्य झाल्याचं समाधान मिळतं. उरलेला मात्र बेल्टच्या उलट दिशेने आत ढकलला जातो. असं वर्षभर केलं की तो पडद्याजवळ घट्ट बसतो. मग एक दिवस आंघोळीचं पाणी जातं, मळ फुगतो आणि कानाला दडा बसतो. नेमकं ओरलच्या आदल्या दिवशी!

आता या नळीत बघायचं कसं? हा मूळचा डॉक्टरी प्रश्न नाही, आपल्या विषयातला प्रश्न आहे. भोक अरुंद, आत अंधार, आणि बघणाऱ्याचं डोकं प्रकाशाच्या वाटेत. डोळा भोकासमोर आणला की प्रकाश अडतो, प्रकाश आत सोडावा तर डोळ्याला बाजूला व्हावं लागतं. वाकड्या नळीत तिरकं बघून तर काहीच दिसत नाही. म्हणजे प्रकाश आणि नजर एकाच रेषेत आणायला हव्यात. १८४१ साली फ्रीडरिख हॉफमन या जर्मन डॉक्टराने यावर तोडगा काढला. मध्यभागी भोक असलेला आरसा! आरशाने दिवसाचा उजेड कानात टाकायचा आणि भोकातून डोळ्याने बघायचं. पुढे १८५५ च्या सुमारास अँटोन फॉन ट्र्योल्च यांनी हा आरसा सगळीकडे नेला. जुन्या सिनेमातल्या डॉक्टरांच्या कपाळावर जी गोल चकती दिसायची, ती हीच.

१८६५ साली जॉन ब्रंटन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपलं उपकरण मांडलं. एका नळीत ४५ अंशांत बसवलेला भोकाचा आरसा, बाजूने प्रकाश घ्यायला नरसाळं, बघायच्या बाजूला भिंग आणि कानाच्या बाजूला शंकूसारखं टोक. आजचा ओटोस्कोप त्याचाच वंशज. फरक इतकाच की दिवा हातातल्या दांड्यात आला, आणि त्याचा प्रकाश बारीक काचतंतूंच्या कड्यातून टोकापर्यंत नेला जातो. मधली जागा बघायला मोकळी राहते. या काचतंतूंच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आपले नरिंदरसिंग कपानी होते. पंजाबातल्या मोगा येथे १९२६ साली त्यांचा जन्म झाला. लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करताना १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं हे त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. ऑप्टिकल फायबरवर आपण दहा मार्कांचं उत्तर लिहितो ते इंटरनेटसाठी. त्या शास्त्राची सुरुवात मात्र चित्रं वाहून नेण्यापासून झाली आणि ते थेट माणसाच्या शरीरात डोकावायला उपयोगी पडलं, हे उत्तरात कुणी लिहीत नाही.

मेकॅनिकलवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. इंजिनाचा सिलिंडर न उघडता आत काय झालंय हे बघायला आपण बोअरस्कोप घालतो. आवाज येतोय म्हणून कुणी स्पार्क प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर खुपसून ढवळत नाही, आणि ढवळलंच तर लॅब असिस्टंट पुन्हा लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाहीत. मशीनला जो न्याय, तो स्वतःच्या कानाला नको का?

ओटोस्कोपने कान तपासायची एक शिस्त असते आणि ती ऐकण्यासारखी आहे. आधी विचारपूस : दुखतंय का, वाहतंय का, कमी ऐकू येतंय का, केव्हापासून, कानात काय घातलं होतं. मग बाहेरून आणि कानामागे बघायचं, सूज किंवा जुन्या ऑपरेशनची खूण आहे का. कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबायचा. तो दाबल्यावर माणूस कळवळला तर बहुधा दुखणं नळीतलंच. दोन कानांपैकी जो बरा आहे तो आधी बघायचा, म्हणजे त्या माणसाचा 'नॉर्मल' काय हे कळतं आणि संसर्ग बऱ्या कानात नेला जात नाही. कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्याने ते वळण सरळ होतं. (लहान बाळाच्या बाबतीत खाली आणि मागे.) नळीत आरामात मावेल असं मोठ्यात मोठं टोक निवडायचं, कारण टोक मोठं तेवढा प्रकाश जास्त आणि ते नको तितकं आत जायची भीती कमी. उपकरण पेनासारखं धरायचं आणि करंगळी समोरच्याच्या गालावर टेकवायची. पेशंटने झटकन मान हलवली तर हातही त्याच्याबरोबर हलतो, टोक आत टोचत नाही. या करंगळीसाठी ज्याने कुणी डोकं लावलं त्याला मी मनापासून सलाम करतो!

मग काय दिसतं? निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि अर्धपारदर्शक असतो. त्यावर हातोडीच्या हाडाची मूठ तिरकी उतरलेली दिसते. खालच्या बाजूला प्रकाशाचा एक चकाकता त्रिकोण दिसतो, उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी, डाव्या कानात सातच्या जागी. पडदा लाल आणि फुगलेला दिसला तर मागे पू. पिवळट, आत ओढल्यासारखा दिसला तर मागे पाणी साचल्याची शंका. काळे ठिपके असलेला, ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा दिसला तर बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात हिचाच सुळसुळाट. आणि पडद्यात भोक दिसलं तर ते कुठे आहे, हे फार महत्त्वाचं. एमिल सीगल यांनी १८६४ साली याला हवेची जोड दिली. नळी बंद करून रबरी फुग्याने हलका दाब दिला की चांगला पडदा हलतो. मागे पाणी असेल तर तो नीट हलत नाही. डायफ्रॅमची टेस्ट आपण याहून वेगळी काय घेतो?

आता मूळ मुद्द्यावर येतो. न बघता औषध घातलं तर बिघडतं काय?

कान दुखतो तेव्हा कारण मळ असू शकतं, बुरशी असू शकते, नळीतली पुळी असू शकते, पडद्यामागचा पू असू शकतो, फुटलेला पडदा असू शकतो. कधी कानात काहीच नसतं आणि दाढ दुखत असते. बाहेरून सगळ्यांची तक्रार एकच : 'कान दुखतोय यार'. इलाज मात्र वेगवेगळे, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला घातक. बुरशीवर अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे ड्रॉप्स घातले तर बुरशी उलट फोफावू शकते. मळ घट्ट बसला म्हणून पिचकारीने पाणी मारलं आणि पडद्याला आधीच भोक असलं, तर ते पाणी मधल्या कानात जाऊन कान वाहू लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे कानाच्या ड्रॉप्समध्ये असणारी काही औषधं, उदाहरणार्थ जेंटामायसिन आणि निओमायसिन, फुटक्या पडद्यातून आत पोचली तर आतल्या कानातल्या ऐकणाऱ्या पेशींना इजा करू शकतात. त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे दुखणं जातं आणि त्याच्याबरोबर ऐकणंही जातं! पडदा शाबूत आहे की नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवायची आणि आयुष्यभराचा आवाज पणाला लावायचा, हा कसला हिशेब?

आमच्या विंगमधल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कानाला खाज सुटली. आधी त्याने खोबरेल तेल घातलं, मग मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, ते संपल्यावर दुसरे आणले. असे तीन आठवडे गेले. कान ठणकायला लागला तेव्हा आम्ही त्याला शहरातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओटोस्कोप लावला, अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाले, "बुरशी आहे. आणि ही तेलावर आणि तुमच्या ड्रॉप्सवर मस्त पोसली आहे." साफ केलं, बुरशीचं औषध दिलं, कान कोरडा ठेवायला सांगितलं. पोरगा बरा झाला. पण मधल्या तीन आठवड्यांत दोन प्रॅक्टिकल आणि एक युनिट टेस्ट बुडाली. त्या अर्ध्या मिनिटाच्या बघण्याला तीन आठवडे उशीर झाला, आणि तोही आपल्याकडे एक बॅटरीवरचं उपकरण नव्हतं म्हणून.

याहून गंभीर गोष्टही असते. काही जणांचा कान लहानपणापासून वाहतो. घरी म्हणतात, 'ह्याचा कान फुटतो अधूनमधून', आणि त्याची सगळ्यांना सवय झालेली असते. पडद्याच्या मधल्या भागात भोक असेल तर धोका तुलनेने कमी. पण पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात किंवा कडेला खळगा पडून त्यात कातडीचा पांढरट गोळा वाढू लागला, ज्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात, तर तो आजूबाजूचं हाड खात जातो. चेहऱ्याची नस आणि मेंदू फार लांब नसतात. स्राव थोडासाच पण घाण वासाचा असतो आणि दुखत फारसं नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. हा कोपरा ओटोस्कोपने मुद्दाम वर बघितल्याशिवाय दिसत नाही. फर्स्ट इयरला ॲडमिशनच्या वेळी आपलं मेडिकल होतं त्यात उंची, वजन, छाती, रक्तगट सगळं लिहितात. रकान्यात 'कान : नॉर्मल' असंही लिहिलेलं असतं. कुणी बघितले होते कान? रांगेतून पुढे सरकताना बाहेरून दिसले, दोन होते, म्हणून नॉर्मल!

आता कुणी म्हणेल, "एवढं काय? ऑनलाइन काही शे रुपयांत कानाचा कॅमेरा मिळतो. मोबाइलला जोडायचा, आपला कान आपणच बघायचा." असे दोन कॅमेरे आमच्या मजल्यावर आहेत आणि रविवारी दुपारी त्यांचे सामूहिक कार्यक्रमही होतात. माझा त्या कॅमेऱ्याला विरोध नाही. त्यातला सेन्सर आणि एलईडी पाहून कौतुकच वाटतं. विरोध आहे तो आपण तो वापरतो त्या पद्धतीला, आणि कारणं तीन आहेत.

पहिलं कारण बांधणीचं. ओटोस्कोपचं टोक शंकूसारखं असतं, ते ठरावीक खोलीपलीकडे जातच नाही. म्हणजे मेकॅनिकल स्टॉपर आपोआप आला. कॅमेऱ्याची काडी तीन-चार मिलिमीटर जाडीची आणि सरळ असते, बऱ्याच मॉडेल्सना पुढे छोटा चमचा असतो, आणि पडद्यापर्यंत तिला अडवणारं काही नसतं. स्क्रीनवरचं चित्र सपाट असल्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. डावं-उजवं उलटं वाटतं. हात एका बाजूला, नजर भलतीकडे. आणि रूमचं दार कुणी धाडकन उघडलं तर करंगळी टेकवलेली नसते! दुसरं कारण स्वच्छतेचं. एकाच दुपारी तो कॅमेरा आठ जणांच्या कानांत जातो आणि मध्ये त्याला फार तर टी-शर्टला पुसतात. डॉक्टर प्रत्येक पेशंटला टोक बदलतात ते काय हौस म्हणून? तिसरं कारण सगळ्यात मोठं. दिसणं आणि कळणं यात फरक आहे. सी.आर.ओ.च्या स्क्रीनवर वेव्हफॉर्म सगळ्यांनाच दिसतो, पण त्यातला दोष ज्याने शंभर वेव्हफॉर्म पाहिले आहेत त्यालाच कळतो. निरोगी मळ बघून 'ई, केवढी घाण!' म्हणत तो उकरायचा, आणि वरच्या कोपऱ्यातला धोक्याचा खळगा बघूनही 'ऑल क्लिअर' म्हणायचं, हे त्या कॅमेऱ्यावर रोज घडू शकतं.

त्याच तंत्राचा चांगला उपयोगही होतो. २०१३ साली दिल्लीत 'श्रुती' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक मोबाइलला जोडलेला ओटोस्कोप घेऊन वस्त्यांमध्ये जात, कानाचे फोटो घेत, आणि तज्ज्ञ डॉक्टर त्यावरून कुणाला बोलवायचं ते ठरवत. उपकरण जवळपास तेच, पण हाताला शिक्षण आणि चित्रामागे जाणकार डोळा होता. आपल्याला हेच हवं आहे.

ओटोस्कोपला मर्यादा आहेत हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तो पडद्यापर्यंतच बघतो. आवाजामुळे आतल्या कानाचं जे नुकसान होतं ते त्यात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, १२ ते ३५ वयातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांना मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे बहिरेपणाचा धोका आहे. मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती, म्हणून वेळ एक दशांश. गणित आपल्याच पुस्तकातलं आहे, फक्त रात्री दोन वाजता हेडफोन लावून गेम खेळताना ते आठवत नाही. आणि हे विद्यार्थ्यांपुरतं नाही. स्मिथी शॉपमध्ये, इंजिन लॅबमध्ये, जनरेटर रूममध्ये वीस-पंचवीस वर्षं काम केलेले आपले कर्मचारी काका एक वाक्य दोनदा का विचारतात, याची आपण नक्कल करतो, विचार करत नाही.

तरीही ओटोस्कोपचं उत्तर इथेही कामाचं असतं. सर्किटमध्ये फॉल्ट शोधताना आपण एकेक स्टेज बाद करत जातो. तसंच इथे. एखाद्याला अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं आणि ओटोस्कोपमध्ये मळ दिसला, तर मळ काढा, प्रश्न मिटला. पण नळी स्वच्छ, पडदा छान मोत्यासारखा, आणि तरी ऐकू येत नाही? तर ही जास्त काळजीची गोष्ट आहे. दोष आतल्या कानात किंवा नसेत असू शकतो, आणि अशा अचानक आलेल्या बहिरेपणात पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू झाले तर ऐकणं परत यायची शक्यता जास्त असते. पुढची चाचणी ५१२ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने होते, आणि ट्यूनिंग फोर्क तर फिजिक्स लॅबमध्ये धूळ खात पडलेच आहेत. 'दडा बसलाय, जाईल' म्हणून पंधरा दिवस थांबलेल्या माणसाचा कान कायमचा जाऊ शकतो. 'सगळं नॉर्मल दिसतंय' हे वाक्यसुद्धा बघितल्यावरच म्हणता येतं.

"पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न येणारच. बऱ्यापैकी ओटोस्कोप आणि बदलायच्या टोकांची पिशवी यांची किंमत आपल्या गॅदरिंगच्या डी.जे.च्या एका रात्रीच्या बिलापेक्षा कमीच भरेल. ज्या स्पीकरसमोर उभं राहून आपण कान बधिर करून घेतो, त्याच्या भाड्यात कान बघायचं उपकरण येतं! बहिरेपणा रोखण्याच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यायच्या साहित्याच्या यादीतही ओटोस्कोप आहे. म्हणजे खेड्यातल्या आरोग्य केंद्रात जे असावं असं सरकार म्हणतं, ते शेकडो मुलं-मुली राहतात त्या आपल्या हॉस्टेलमध्ये नसावं, हे बरं दिसतं का?

म्हणून रेक्टर सर, वॉर्डन मॅडम आणि प्राचार्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, दोन्ही हॉस्टेलच्या सिक-रूममध्ये एकेक ओटोस्कोप, टोकांचा पुरेसा साठा आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या. उपकरण आलं आणि सेल लीक होऊन कपाटात गंजलं, असं होऊ नये. त्याची जबाबदारी इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांनी घ्यावी, आम्ही आनंदाने घेऊ. दोन, फर्स्ट इयरच्या मेडिकलमध्ये प्रत्येकाचे दोन्ही कान खरोखर बघितले जावेत, आणि वर्कशॉप-लॅबमधल्या कर्मचाऱ्यांची कानांची तपासणी आणि ऑडिओग्राम दरवर्षी व्हावा. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो, तो दिवस यासाठी ठेवता येईल. फीत कापायची गरज नाही, कान बघितले तरी पुरे. तीन, सिक-रूममधून कान बघितल्याशिवाय कानाचे ड्रॉप्स दिले जाऊ नयेत. दाराच्या आत तसा कागद चिकटवावा.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी चौथी गोष्ट, जिला बजेट लागत नाही. किल्ली गाडीसाठी ठेवा, कर्कटक वर्तुळासाठी, आणि खोबरेल तेल केसांसाठी. कान ओला झाला तर बाहेरून टॉवेलने टिपा. कानात किडा गेला तर पिन घालून त्याच्याशी कुस्ती खेळू नका, डॉक्टरांकडे जा. कान वाहत असेल, एका कानाने अचानक कमी ऐकू येत असेल, कान दुखून चक्कर येत असेल, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. पेपर पुन्हा देता येतो, केटी सुटते, इयर डाऊन झालेले पुढे चांगले इंजिनिअर झालेले आपण पाहिले आहेत. आतल्या कानातली पेशी एकदा गेली की तिला री-एक्झाम नाही.

हा लेख वाचून कुणी "बरोबर आहे" म्हणून पान उलटेल, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देईल. त्याला हरकत नाही, फक्त ते दोन्ही कान तसे चालू राहायला हवेत. मागणीचं पत्र मी तयार केलं आहे आणि ते मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलेलं आहे. जेवून हात धुतलेत की सही करा.